सातव्या नवरीचा चेहरा

३ मार्च २०१६
डर्व्लानं आज तिसरं खोकं उघडलं. मठ विकायचा आहे, म्हणून फोटो, पत्रं, मेलेल्यांची स्मृतिकार्डं — सगळं नोंदून डब्लिनच्या संग्रहालयात धाडायचंय. ती तिथली बाई. आम्ही चौघीच उरलोत इथे, आणि नावं फक्त मला आठवतात. ती फोटो धरते, मी नाव सांगते. मजेत चाललं होतं.

मग १९६४ चा निघाला. दीक्षेचा दिवस! सात पोरी, लग्नाचे पांढरे झगे, ख्रिस्ताच्या सात नवऱ्या. सहावी मी. सातवीला चेहराच नाही. भोक.

"उंदरांनी खाल्लं म्हणावं, तर कडा फारच सुबक आहेत हो, सिस्टर."

माझा चहा सांडला.

४ मार्च
आज तिनं रोखठोक विचारलंच. सांगितलं — उना हेशन, अडुसष्ट साली मठ सोडून गेली. जाणारी बाजूच्या दारानं जायची, सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेआधी, कुणाचा निरोप न घेता. न्याहारीला आम्ही खुर्च्या सरकवून तिची जागा भरून टाकायचो. पुन्हा नाव काढायचं नाही.

"आणि चेहरा?"

"मदर सुपिरिअरचा हुकूम."

किती सहज आलं तोंडातून! डर्व्लानं तेच कार्डावर लिहिलं. मदर कडक होती, खोटं कशाला बोलू. पण कात्री घे, असं ती कधीच म्हणाली नव्हती. मेलेल्या बाईवर ढकलून मी मोकळी झाले.

५ मार्च
फादरकडे पापांच्या कबुलीला गेले नाही. गुडघे दुखतात म्हटलं. ईस्टरआधीचा उपासाचा काळ, साखर सोडलीय. खोटं सोडवत नाही.

८ मार्च
उनाच्या मुलीचं पत्र आलंय डर्व्लाला. ग्राने नाव. आईचं डोकं ठिकाणावर नाही, राहतं घर ओळखत नाही, सारखी मठाचंच बोलते. तरुणपणचा एक फोटो मिळेल का? घरी एकही नाही — मठातून परत आलेली पोर म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून उनाच्या बापानं सगळे चुलीत घातले होते.

डर्व्लानं सगळी खोकी उपसली. अकरा फोटोंत उना. अकरा भोकं.

"अकराच्या अकरा मदरच्या हुकमानं?"

"त्या काळी असंच असायचं गं."

चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, ती माझ्या बोटांकडे बघतेय. फार लाज वाटली.

११ मार्च
इथे तरी खरं लिहू. उना गेली त्याच दुपारी, शिवणाच्या खोलीत. भरतकामाची बारीक कात्री. एकेक अल्बम घेत गेले. चेहरे शेगडीत टाकले. एका फोटोत ती दात दाखवून हसत होती, तो जरा वेळ हातात धरला. मग तोही टाकला.

रागानं केलं, असं मी स्वतःला सांगत आले. राग नव्हता तो.

१४ मार्च
सांगितलं डर्व्लाला. म्हटलं, ते कार्ड फाड. नवं लिही — मी, सिस्टर असंप्टानं, कापले, कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच नीट. मग हळूच म्हणाली, "पण का हो, सिस्टर?"

मी फोटो खोक्यात परत ठेवू लागले.

"ग्रानेला मी कळवू का?"

"नको. मीच लिहिते."

पाच कागद फुकट गेले.

१७ मार्च
सेंट पॅट्रिकचा सण! रस्त्यावर ढोल, पोस्ट बंद. पत्र खिशात घेऊन दिवसभर हिंडले. परत फाडलं जाईल अशी धास्ती.

१८ मार्च
टाकलं.

२ एप्रिल
ग्राने आली, उनाला घेऊन. शिव्या खायची तयारी ठेवून दारात उभी राहिले. उनाचे केस पांढरे, कोट उलटा घातलेला. मला बघताच तिनं माझा हात घट्ट पकडला.

"आलीस एकदाची! फाटकाशी किती वाट बघितली गं तुझी. बस गेली ना!"

"आईला काही कळत नाही, सिस्टर," ग्राने ओशाळून म्हणाली. "मनावर घेऊ नका."

तिला कळतंय. त्या सकाळी आम्ही दोघी जाणार होतो.