तबकातला कागद

चौबे कॉलोनी, रायपूर
७ ऑक्टोबर २०२५

चि. यशोधन यास विनूताईचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. स्पीड पोस्टानं धाडून राहिले, म्हणजे सही करूनच घ्यावं लागेल तुले. आम्ही दोघं बरे आहोत. तुझे भाऊजी आजकाल घरीच असतात. परवा तुळशीचं आळं केलं, काल कुकरची शिटी खोलून पाहिली, काही बिघाड नव्हता तरी.

आता कामाचं. तीन वर्षांपूर्वी तुमची उजास कंपनी नवी होती. तू व्हिडिओ कॉलवर आमच्या महिला मंडळासमोर बोलला होतास, आठवते? बड्या कंपन्या झोपल्या आहेत ताई, इलेक्ट्रिक गाडी काय असते ते आम्ही त्यांना दाखवू. बायकांनी गाडी चालवून पाहिली नाही, कागद वाचले नाहीत. विनूताईचा भाऊ आहे ना तिकडे, मग झालं. सात घरांत सात गाड्या आल्या. तुझे भाऊजी म्हणाले होते, नव्याचे नऊ दिवस, थोडं थांबा. ते पडले त्यातल्याच एका बड्या कंपनीच्या भनपुरीच्या वर्कशॉपचे फोरमन. मी त्यांनाच झाडलं, की तुमच्या कंपनीच्या पोटात दुखून राहिलं.

मग त्याच बड्या कंपनीनं तुमची उजास विकत घेतली अन् तू तिथं मोठा साहेब झालास. मी पेढे वाटले रे कॉलनीभर! तुमचं आधी भांडण, मग सोयरीक, अन् वरातीत तुडवल्या गेलो आम्ही. कारण महिन्याभरात हुकूम आला. उजासच्या गाड्या वर्कशॉपात घ्यायच्या नाहीत, मालकाले सांगायचं की ही द्या अन् आमची नवी घ्या. काहून? चांगली गाडी भंगारात काहून द्यायची? बाहेरचा मेकॅनिक हात लावू शकत नाही, गाडी कंपनीच्या कॉम्प्युटरशिवाय उघडत नाही. कुलूप तुमचं, किल्ली तुमची, अन् गाडी म्हणे आमची!

भाऊजी सत्तावीस वर्षं पेचकसाचं टोक इंजिनाले टेकवून, त्याची मूठ कानाला लावून रोग ओळखत आले. छप्पन्नाव्या वर्षी ह्या माणसानं शाळेतल्या पोट्ट्यासारखी वही घेऊन इलेक्ट्रिकचं ट्रेनिंग केलं. म्हणायचे, ह्या गाडीचं दुखणं ऐकू येत नाही विनू, तिले विचारावं लागते.

ऑगस्टात आमच्या मंडळातल्या शेवंताबाईची गाडी समता कॉलोनीच्या वळणावर बंद पडली. मागच्या सीटवर तिचे यजमान, भैय्यालालभाऊ. डायलिसिसले चालले होते. ऑटो मिळेपर्यंत वेळ टळली, दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले. हफ्त्यातून तीनदा जावं लागते त्यांना. गाडी ओढत वर्कशॉपच्या फाटकापर्यंत नेली, तर गार्ड म्हणाला, दीदी, ऊपर से मना है. मी भेटायले गेले, तर शेवंताबाईनं मलेच चहा करून दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यशोधन, मी वर लिहिलं की भाऊजी घरीच असतात. मले त्यांनी सांगितलं होतं की सुट्ट्या साचल्या आहेत. मीही मानून घेतलं. विचारायची हिंमत नव्हती, दुसरं काय! मागच्या सोमवारी त्यांची डब्याची पिशवी धुवायले काढली, तर तळाशी दोन कागद, चार घड्या घातलेले. एकात लिहिलं होतं की हरिदास फोरमनने मनाई असताना उजासची गाडी आत घेतली, आपल्या पासवर्डनं उघडून दुरुस्त केली, म्हणून कामावरून काढण्यात येत आहे. ती गाडी शेवंताबाईचीच. दुसरा तो मनाईचा हुकूम. त्याच्या खाली तुझी सही.

मी बत्तीस वर्षं रेल्वेच्या डीआरएम ऑफिसात आवक-जावक पाहिली. वरून आलं होतं, मी फक्त सही केली, हे मले सांगू नको. हुकूम सहीनंच चालतो.

मी भाऊजींना विचारलं, हे लपवलं काहून? ते मान खाली घालून बोलले, "भाऊबीज जवळ आली होती, विनू."

एवढंच. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. मले मात्र इतका संताप आला की त्या रात्री जेवण गेलं नाही. तुझा नाही फक्त, माझाही. सात घरांत तुझं नाव घेऊन मीच फिरले होते.

तेवीस तारखेले भाऊबीज आहे. ये. पाट मांडीन, ओवाळीन, त्यात कसूर करणार नाही. साडी आणू नको. तुझा तो हुकूम मी तबकात ठेवला आहे, सुपारीच्या बाजूला. त्याच्या पाठीवर तो रद्द केल्याचं लिही अन् खाली सही कर, तीच माझी ओवाळणी. भाऊजी तिथंच बसलेले असतील, त्यांच्यासमोर कर. सही जमत नसली तर पाटावरून उठ अन् चालता हो, मी निरांजन विझवीन.

हरिदास फोरमनची बायको,
अन् त्यानंतर तुझी ताई,
विनोदिनी