चमचा माझ्या हातात होता

ता. ९, मंगळवार

थोरल्या,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षर वाकडं. तुरुंगात तुला वेळ भरपूर आहे, लावून वाच.

तुझं पत्र पोचलं. ‘आई, सोमवारी कोर्टात एवढंच सांग, की ती ओट्यापाशी पाय घसरून पडली.’ वा रे शहाण्या! पाय घसरून मनगट दोन ठिकाणी मोडतं? पुढचे दोन दात उडून पिठाच्या डब्यात पडतात? दात मीच वेचले. पीठ फेकून दिलं.

सून हिंडतेफिरते आहे. उजवा हात प्लास्टरात, डाव्या हाताने भाजी चिरते आणि मला शिव्या देते. देऊ दे. तिच्याकडे कारण आहे.

तुझ्या पोरीचं सांगते. गेल्या आठवड्यात तिला ताप चढला, अंगावर हात ठेववेना. यकृतात गळू झालं होतं. सुई घालून वाटीभर पू काढला. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. हिचं स्वतःचं रक्त धड बनत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी हिला परकं रक्त चढतं, त्यातलं लोखंड अंगात साठत जातं. ते बाहेर काढायलाच रोजच्या गोळ्या. फार झालं की रोगाशी मारामारी करणाऱ्या पांढऱ्या पेशी बिघडतात. मोजायला गेलं तर भरपूर, पण जंतू समोर आला तरी धड गिळत नाहीत. जंतू मात्र त्याच लोखंडावर पोसतात.

मी म्हटलं, ‘म्हणजे नुसत्या बघत बसतात?’

‘तसंच समजा, आजी.’

मग त्यांनी पोरीला विचारलं, ‘गोळ्यांशिवाय आणखी काय घेतेस गं?’ कार्टी म्हणाली, ‘आजीचं गोड औषध. आईला सांगायचं नाही.’ आई दारातच उभी होती.

हो. रक्तवाढीचं टॉनिक, लोखंडाचं. पोर पांढरीफटक दिसते, या डॉक्टरांना काय कळतंय, म्हणून तुला पोलिसांनी नेलं त्या दिवसापर्यंत आठ महिने रोज दोन चमचे मीच पाजलं.

आता त्या दिवसाचं. तू रिपोर्ट फडकवत आत आलास. ‘लोखंड दुप्पट झालंय! गोळ्या देत नाहीस, पोरीला मारायला निघालीस?’ ती म्हणत राहिली, ‘एक गोळी चुकवली नाही हो.’ तू तिची वेणी मुठीला गुंडाळलीस आणि तोंड ओट्याच्या कडेवर आपटलंस. तीनदा. मग तवा उचललास. तिने हात आडवा धरला, तर हातावर घातलास. पोर मध्ये पडली, तिला भिंतीवर भिरकावलंस.

तू ‘लोखंड’ म्हणून ओरडलास तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे बाटली आली. एक शब्द पुरला असता. मी मोरीपाशी तोच चमचा धुवत उभी राहिले. घासघासून धुतला. तुझा बाप मला मारायचा, तेव्हा त्याची आई अशीच भांडी घासायची.

सोमवारी मी जाणार. तू मारलंस ते सांगेन, कशाने आणि किती ते सांगेन. बाटली माझी होती, तेही सांगेन. त्याने तुझी शिक्षा कमी होईल, या आशेवर राहू नकोस. गोळ्या चुकवल्या असत्या, तरी तवा तवाच.

आणि सुटलास तरी इकडे येऊ नकोस. तवा आहे तिथेच आहे. मी हल्ली दाराकडे तोंड करून बसते.

उभं राहून सगळं पाहिलेली,
तुझी आई