देणं कोणाचं

मीरा रोड
११ जानेवारी २०२५

प्रिय स्वप्नील,
स. न. वि. वि. तिकडे प्रशिक्षणात तुमचे फोन जमा करून घेतलेत म्हणून पत्र. नाहीतर हे मी ओरडूनच सांगितलं असतं.

तुझ्या नव्या नेमणुकीच्या चौकशीला एक साहेब घरी येऊन गेले. संरक्षण खात्याच्या संदेश विभागात बसणाऱ्या माणसाचं सगळं बघावं लागतं, म्हणाले. मी पोहे केले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तुझे गोडवे गायले. मग साहेबांनी सहज विचारलं, की समुद्रकाठच्या चौक गावच्या जॉयसबाईंचे साडेतीन लाख तुम्ही दोघं कसे फेडताय. कोण जॉयस, असं मीच त्यांना विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि पुढे एक घास खाल्ला नाही.

ते गेल्यावर आठवलं. तुझ्या जुन्या ऑफिसातली ना ती? पिकनिकच्या फोटोत तुझ्या शेजारी हसणारी? माझ्याकडे मागायची लाज वाटली, तिच्याकडे नाही वाटली? सरकारला सांगितलंस आणि मला नाही. दोन दिवस तो फोटो मोठा करकरून बघतेय.

आई बऱ्या आहेत. लोभ आहे, पण सध्या तो मागू नकोस.
सुचेता

प्रशिक्षण केंद्र
१८ जानेवारी

प्रिय सुचेता,
स. न. वि. वि., घाबरतच.

शेअर बाजारात ऑप्शन खेळलो आणि बुडालो. मग मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज काढलं, ते फेडायला दुसऱ्या ॲपचं. वसुलीवाले तुला फोन करायची धमकी देऊ लागले, त्या दिवशी कँटीनमध्ये मला रडू आलं. समोर जॉयस होती. तिने पैसे दिले, मी दरमहा फेडतोय. तिच्या-माझ्यात दुसरं काही नाही.

कर्ज आहे म्हणून कोणी बाद होत नाही, लपवलं तर होतो, असं इथे पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून सगळं लिहून दिलं. काल मोठ्या साहेबांनी बोलावलं. जो बायकोला कळेल म्हणून घाबरतो, त्याला उद्या कोणीही त्याच भीतीने वाकवेल, म्हणाले. माझी सुरक्षा मंजुरी अडकली आहे. ती नाही मिळाली तर ही नेमणूक गेली.

तुझ्या मनातून उतरेन, एवढंच वाटत होतं गं. रागाव, पण लिहीत राहा.
तुझा स्वप्नील

मीरा रोड
२७ जानेवारी

प्रिय स्वप्नील,
स. न. वि. वि. बाजारात पैसे घालवलेस, त्यावर तू आल्यावर भांडू. आधी ते रडणं. बारा वर्षांत तू माझ्यासमोर कधी रडला नाहीस. ते तिला मिळालं.

शनिवारी बसने चौकला गेले. ती साधीशीच असेल अशी आशा होती. नाही, सुंदर आहे. अंगणात बोंबील वाळत घालत होती, तरी सुंदर. नवरा मायकेल बोटीवर गेला होता. तिने मला बांगड्याचं कालवण वाढलं आणि तिच्या डब्यातलं हे कालवण तुला फार आवडायचं, असं मला सांगितलं. मला! घरी मासळीच्या वासाने नाक मुरडतोस तू.

माझी एफडी मोडून उरलेल्या रकमेचा चेक नेला होता. घाई न्हाय, घाई न्हाय, असं ती म्हणत राहिली. मला घाई आहे, म्हटलं. तिला कळलं असावं, कारण मग तिने मुकाट घेतला. निघताना सुके बोंबील बांधून दिले. बसमध्येच विसरावेत असं वाटलं, पण आणले.

आज सकाळी साहेब पुन्हा आले. मी आपणहून सगळं सांगितलं, ऑप्शन, ॲप, तुझं रडणंसुद्धा. आणखी काही माझ्यापासून लपलेलं असेल का, असं त्यांनी विचारलं. असेल तर ते मी काढीन, म्हटलं. ते हसले आणि पोहे संपवले. अनुकूल अहवाल देतो, मंजुरी येईल, म्हणाले.

तिकडच्या मोठ्या साहेबांना एवढं लगेच कळव, की जॉयसबाईंचं देणं फिटलं. आता देणं सुचेताचं आहे आणि हप्ता दर महिन्याला मलाच यायचा. पुन्हा रडायची वेळ आली, तर तेही माझ्याच समोर.

हप्ते चुकले नाहीत तर लोभ वाढेल.
तुझी सुचेता