दुर्बिणीला ज्याचा हात

३ नोव्हेंबर
घरी सोडलं. खुब्यात प्लेट, चार स्क्रू. आठ आठवडे जिना चढायचा नाही. म्हणजे गच्ची बंद, म्हणजे दुर्बीण बंद. "एकदाच हळूच जाऊन आलो तर?" असं विचारलं, तर डॉक्टरांनी बायकोकडे बघून उत्तर दिलं. हल्ली सगळे तिच्याकडेच बघून उत्तरं देतात.

गच्चीच्या जिन्यावरून पडताना हातातलं दुर्बिणीचा तोल सांभाळायचं वजन सोडलं नाही. ते शाबूत आहे.

५ नोव्हेंबर
आकाशनिरीक्षण मंडळाच्या फोटो-प्रदर्शनाचा अर्ज एकतीस डिसेंबरपर्यंत. त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका या दोन महिन्यांतच संध्याकाळी डोक्यावर येते. तीन-तीन मिनिटांच्या चारशे फ्रेम हव्यात. त्या एकावर एक रचल्या की कुठे तिचे हात दिसायला लागतात. माझ्याकडे आहेत बावीस!

गेल्या वर्षी पहिलं बक्षीस कोणाला? दातांच्या डॉक्टरांना! त्यांची दुर्बीण दुसऱ्या खंडातल्या वाळवंटात, भाड्याची. हा गृहस्थ सोफ्यावर लोळतो, चहा पितो, बटण दाबतो. स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा हेही माहीत नसेल. मी भर सभेत उभं राहून नियमच करून घेतला — 'दुर्बिणीला ज्याचा हात, त्याचाच फोटो.' रिमोटवाल्यांचा विभाग वेगळा, मागच्या भिंतीवर, चपलांच्या कपाटाशेजारी. एकमताने मंजूर. टाळ्याही पडल्या.

आणि आता मी कॉटवर.

८ नोव्हेंबर
मुलगी-जावई आले. जावयांचं म्हणणं, गच्चीवरची दुर्बीण खालून लॅपटॉपवर चालवता येईल. मुलगी म्हणाली, "बाबा, दुर्बीण तुमचीच, गच्ची आपलीच, फक्त तुम्ही खाली."

म्हणालो, "मेलो तरी नाही."

९ नोव्हेंबर
हो म्हणालो.

१० नोव्हेंबर
जावई दिवसभर गच्चीवर. दुर्बीण वळवायची मोटर होतीच. आता फोकस फिरवायला मोटर, टोपण काढायला मोटर, दंव आलं तर वारा मारायला आणखी काहीतरी. मी खालून ओरडून सूचना देत होतो. आरसा मी स्वतः घासलेला आहे. चष्म्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं भिंगं घासली, तेव्हा कुठे हिंमत झाली. नळीवर लाल रंगात लिहिलंय — हात लावू नये. बावीस वर्षांत कोणी लावलेला नाही. बायकोने एकदा ओल्या फडक्याने पुसायला घेतली होती. तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून ती 'तुमचं नळकांडं' म्हणते.

दुपारी जळका वास आला. जावई म्हणाले, शेजाऱ्यांचं दूध उतू गेलं असेल. मग बराच वेळ स्वयंपाकघरात बायकोशी कुजबुज. माझ्या तब्येतीबद्दलच असणार.

११ नोव्हेंबर
चाललं! लॅपटॉपवर एक चौकट आहे. तिच्यात फोकस किती फिरवायचा तो आकडा लिहायचा — चाळीस पुढे, पंधरा मागे. दीड मिनिटाने खाली अक्षरं येतात — 'झालं.' मराठीत! संथ आहे, पण अचूक. जावयांचं कौतुक वाटलं. बोललो नाही.

१७ नोव्हेंबर
सत्त्याण्णव फ्रेम.

बायको हल्ली रोज साडेसातला वरच्या वहिनींकडे मालिका बघायला जाते. बरंच आहे, मला शांतता. परत येते तेव्हा नाक लालेलाल. वहिनींचं घर फार गार आहे म्हणे.

१९ नोव्हेंबर
ढग. बायको घरातच. मालिकेलाही आज सुट्टी म्हणे.

२३ नोव्हेंबर
एकशे ऐंशीच्या वर. यंत्र ते यंत्र! कुरकुर नाही. 'कशाला' नाही. 'जेवण गार होतंय' नाही. सांगितलं की करतं, केलं की कळवतं. जेवताना बायकोला हे सगळं ऐकवलं. "घरात आणखी एक असतं असं, तर आयुष्य सुखात गेलं असतं," असंही म्हणालो. ती वाढत होती. "हो का," म्हणाली.

भात जरा कमीच वाढला असं वाटलं.

२ डिसेंबर
आज 'झालं'च्या जागी 'झालं हो!' आलं. लगेच जावयांना फोन लावला. ते खूप वेळ खोकले. मग म्हणाले, नवीन आवृत्ती आहे बाबा, ज्येष्ठ नागरिकांसाठी आदरार्थी.

५ डिसेंबर
चष्मा नव्हता, चाळीसऐवजी चारशे लिहिलं. साधी मोटर असती तर तिने फोकस पिळून मोडून ठेवला असता. हिने काय विचारावं? 'नक्की?' — एवढंच! कारखान्यातल्या निम्म्या लोकांना इतकी अक्कल नव्हती.

८ डिसेंबर
एका 'झालं'ला सहा मिनिटं लागली. बाहेर कडाका आहे. वंगण गोठलं असेल.

१४ डिसेंबर
तीनशे दहा. रात्री नुसतंच रचून पाहिलं. दीर्घिकेचे दोन्ही हात सुटे दिसतात, त्यांच्यावर तांबूस ठिपके, जिथे तारे जन्मतात ते. बावीस वर्षांतला माझा सगळ्यात चांगला फोटो.

मग अर्ज काढला. विभाग — स्वहस्ते की रिमोट? पेन वरच्या वर. उशीला टेकलोय, पांघरूण गुडघ्यापर्यंत, हातात चहा. दातांचे डॉक्टर डोळ्यांपुढे उभे राहिले. खरं लिहितो — लाज वाटली. पण चपलांच्या कपाटाशेजारी फोटो लागायची जास्त वाटली. आणि जिंकायचंय मला! शेवटी असं ठरवलं — मोटरला काही हात नसतो. मग दुर्बिणीला हात कोणाचा? माझाच. स्वहस्तेवर खूण केली. नाव उद्या लिहू.

१५ डिसेंबर
नाव लिहिलं नाही. वेळ आहे अजून.

२४ डिसेंबर
फिजिओवाल्या बाईंनी सकाळी परवानगी दिली. काठी, कठडा, एकावेळी एक पायरी, सोबत कोणीतरी हवंच. दुपारी बायको बाजारात गेली. कोणीतरी नव्हतं. वीस मिनिटं लागली चढायला.

आवरण काढलं. फोकसला मोटर नाही. मोटर कोपऱ्यात खोक्यात पडलेली, जळून काळी ठिक्कर. टोपणालाही काही नाही, साधं हाताने काढायचं. फोकसच्या चकतीवर नेलपॉलिशचे बारीक लाल ठिपके, सारख्या अंतरावर, मी आखले असते तर याहून चांगले आले नसते. बाजूला स्टूल. त्यावर बायकोचा जुना स्वेटर. थर्मास. नळीला नाडीने टांगलेला हेअर ड्रायर, 'हात लावू नये'च्या बरोब्बर खाली.

आणि एक वही. पहिल्या पानावर जावयांचं अक्षर — 'आई, आकडा तुमच्या फोनवर येईल. तेवढे ठिपके फिरवा आणि झालं असं पाठवा. नवी मोटर मागवली आहे. तोवर बाबांना कळू देऊ नका, जिना चढतील.' पुढची सगळी पानं हिच्या अक्षरात.

'४० पुढे. दंव पुसलं.'
'१५ मागे. वारा. नळकांड्याला आडोसा म्हणून उभी राहिले.'
'बोटं वळेनात. सहा मिनिटं लागली.'
'आज यंत्राचं कौतुक झालं. दोनदा.'
'नवी मोटर आली. जावयांना म्हटलं, राहू द्या.'

ही ओळ पुन्हा वाचली. पान उलटलं.

'बाजूच्या छोट्या दुर्बिणीतून पाहिलं. नुसता पुसट डाग. यासाठी बावीस वर्षं मला लांब ठेवलं! मग परत पाहिलं. मग रोज पाहते.'

स्टुलावर बसलो. रडलो. अडतीस वर्षांच्या संसारात मी हिला जेवढी शाबासकी दिली नसेल, तेवढी महिनाभरात त्या जळक्या मोटरला दिली. आणि आरसा मात्र असा लखलखीत, की मी कधी ठेवला नव्हता.

सगळं होतं तसं ठेवलं. आवरणाच्या गाठीसुद्धा तिच्याच पद्धतीच्या मारल्या, दोनदा चुकल्या. उतरायला अर्धा तास. बायको आली, पिशवी ठेवली, माझ्याकडे बघितलं. "चेहरा असा का? दुखतंय का?"

"नाही," म्हणालो.

२५ डिसेंबर
संध्याकाळी आकडे पाठवले. चाळीस पुढे. 'झालं.' वीस मागे. 'झालं.' प्रत्येक वेळी वर ती चकती कशी फिरत असेल ते डोळ्यांपुढे. मुद्दाम कमी पाठवले. त्यामुळे फोकस बिघडला. मग पाठवावेच लागले.

जेवताना भाजी छान झाल्याचं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

२६ डिसेंबर
अर्ज पुरा केला. विभाग — स्वहस्ते. खूण होती तीच राहिली. नावाच्या जागी बायकोचं नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात. नियम माझा, टाळ्याही मलाच पडल्या होत्या. वाईट वाटलं का? वाटलं. तासभर. तो फोटो मला माझा हवा होता.

जावयांना अर्जाचं पाकीट दिलं, फोटो चारशे फ्रेम झाल्यावर. त्यांनी नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग खोकायला लागले. "ते खोकल्याचं औषध घ्या आता," म्हटलं.

२८ डिसेंबर
तीनशे साठ. बाहेर मरणाचा गारठा. आज चौकटीत आकडा लिहिला नाही. लिहिलं — 'सगळं कळलंय मला. खाली ये, थंडी आहे.'

दीड मिनिट काहीच नाही. मग अक्षरं आली —

'अजून चाळीस फ्रेम बाकी आहेत. मधे बोलू नका.'