उद्याच्या सहीआधी

प्रिय सुमन,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. माहेर तुझं भोईवाड्यात, बसमध्ये बसलं की पोचलं. आज लिहितोय, कारण उद्या मला कोर्टाच्या एका कागदावर सही करायची आहे आणि त्या कागदात तुझी गोष्ट आहे. तुला सांगितल्याशिवाय सही कशी करू?

मी आठवी शिकलेला माणूस, शिवडीच्या गोदामात जन्म गेला. चुकलंमाकलं तर हस नेहमीसारखी.

तुझं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात कॉलेजच्या फळ्यावर आपल्या सायलीचं नाव लागलं. हजेरी कमी, परीक्षेला बसता येणार नाही! वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे पोर. पंचाहत्तर टक्के तासांना बसलंच पाहिजे, असा नियम. ती बसली होती तुझ्या उशाशी. स्वतः आजारी असती तर सूट होती म्हणे. आजी आजारी असेल तर नाही. हे कोणी ठरवलं असेल ग?

प्राचार्यांनी तिला विचारलं, घरात दुसरं कोणी नव्हतं का? तर ही गप्प. बापाने विचारलं, तरी गप्प. शेवटी एका वकीलबाईंनी हायकोर्टात अर्ज केला. कोर्टाने परीक्षेला बसू दिलं, पण निकाल राखून ठेवायला सांगितला. म्हणजे पेपर दिले, पण कोर्ट नाही म्हणालं तर ते दिलेच नाहीत असं धरायचं. वर्ष फुकट.

मला घरात चैन पडेना. तारखेला मीही येणार म्हणून हट्ट धरला. सायली नको म्हणत होती. ऐकलं नाही. इस्त्रीचा शर्ट घातला आणि फणसवाडीपासून चालत गेलो. बाहेर बाकावर एक काळ्या कोटातले गृहस्थ भेटले, गोड बोलत होते. या वयात चालत आलात? म्हणाले. मी छाती काढून सांगितलं, रोज चौपाटीपर्यंत जाऊन येतो, जिन्याचा कठडासुद्धा धरत नाही.

ते कॉलेजचे वकील होते.

आत सगळं इंग्रजीत चाललं होतं. मला एवढंच दिसलं की त्या गृहस्थांनी माझ्याकडे हात केला आणि जजबाईंसकट सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. काय करावं कळेना, म्हणून मी उठून नमस्कार केला.

बाहेर आल्यावर सायलीने सांगितलं. ते म्हणाले होते, घरात धडधाकट आजोबा असताना मुलीने कॉलेज बुडवायचं कारण काय? त्याचं उत्तर आजोबांनीच लेखी द्यावं, असं जजबाईंनी सांगितलं.

सुमन, कारण काय ते तुला माहीत आहे.

ऑपरेशननंतर पोटाला ती शौचाची पिशवी लावली आणि तू मला परका केलंस. पिशवी बदलायची वेळ झाली की मला भाजीला पाठवायचीस. घरात दोन दुधी पडलेले असायचे, तरी तिसरा आणायला! न्हाऊ घालायला बाई ठेवली, तिला दुसऱ्या दिवशी घालवलीस. सुनेला म्हणालीस, तुला ऑफिस आहे. फक्त सायली चालायची. आणि तिलाही शपथ घातलीस, यातलं कोणाला काही सांगायचं नाही. लहान आहे ग ती. शपथ कशाला घातलीस? पोर वर्ष घालवायला तयार झाली, पण तोंड उघडलं नाही.

मला राग यायचा. मी गॅलरीत उभा राहायचो आणि आत तू कण्हायचीस. इतकी वर्षं एका ताटात खाल्लं आपण, आणि शेवटी तुला माझीच लाज वाटली? मला काही किळस आली असती का? एकदा तरी विचारायचंस.

काल संध्याकाळी वकीलबाई घरी आल्या. म्हणाल्या, सोपं आहे. तुम्हाला तेव्हा चक्कर यायची, उठबस होत नव्हती, एवढंच लिहू. मी म्हटलं, पण मी तर ठणठणीत होतो. त्या हसल्या. "काका, सत्तरीनंतर ठणठणीत कोणी नसतं."

मी सायलीकडे बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, "आजोबा, आजीचं काही नको. तुमची चक्करच लिहा."

रात्रभर तेच डोक्यात. खोटं लिहून शपथेवर सही करायची? पकडला गेलो तर मी म्हातारा आहे, चालेल. पण तिचं काय? वकील व्हायचंय तिला. पहिल्याच कागदात आजोबाची खोटी चक्कर?

म्हणून सकाळी वकीलबाईंना फोन केला आणि खरं ते सांगितलं. माझी बायको फार लाजरी होती. मी घरात होतो, करायला तयार होतो, पण तिने मला करू दिलं नाही. त्या अवस्थेत नातीशिवाय कोणाचा हात तिला चालत नव्हता. एवढंच लिहा म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, डॉक्टरांचा कागद लागेल. देईन म्हटलं. तो जजबाईंच्या हाती बंद लिफाफ्यात देता येतो का, तेही विचारलं. बघते म्हणाल्या.

सायली चिडली. आजीला दिलेला शब्द मोडला म्हणाली, डोळे भरून आले तिचे. मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, शब्द तू दिला होतास, तो तू पाळलास. मी कुठे दिला होता? तुझ्या आजीने मला काही सांगितलंच नाही, मग शब्द कसला मागणार?

तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. पोरीवर नको.

कोर्ट काय म्हणेल, मला माहीत नाही. सहीची सवय मोडली आहे, उद्या ती जुळते की नाही याचीसुद्धा धास्ती आहे. पण एक वचन देतो. वर्ष वाचो की जावो, तुझ्यापायी गेलं असं या घरात कोणी म्हणणार नाही. मी म्हणू देणार नाही.

ज्याचं नाव तू कधी घेतलं नाहीस, तो तुझा,
वसंत