ओसाड वाचनालय पाहिजे

ती. मावशीस,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो, पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, तेवढ्यात उरकून घेतला.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला की अजून शेजाऱ्यांनाच औषध विचारताहेत? आणि तुझ्या वाचनालयात हल्ली कुणी फिरकतं, की अजूनही तू आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघंच असता? हा शेवटचा प्रश्न सहज विचारलेला नाही, पण ते नंतर.

आधी बातमी. मी कॉलेज सोडलं. आईनं तुला फोनवर ‘त्याची तब्येत बरी नव्हती’ असं सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नकोस. तब्येत ठणठणीत होती, डोकं फिरलं होतं. झालं असं, की फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला मी ‘झाडावेलींनी गिळलेल्या इमारती’ हा विषय घेतला आणि मला एक बंद पडलेला दवाखाना सापडला. काय सांगू तुला! छपरातून वर आलेलं झाड, वेलींनी मिटवलेल्या खिडक्या, आणि औषध देण्याच्या झरोक्यातून नेमकी एक फांदी, हात पुढे केल्यासारखी बाहेर आलेली. सर म्हणायचे, आधी जागेशी ओळख होऊ दे, मग कॅमेरा काढ. म्हणून तीन आठवडे मी रोज जाऊन नुसता उजेड पाहिला आणि वहीत टिपला. चौथ्या आठवड्यात कॅमेरा घेऊन गेलो, तर इमारत चकाचक पिवळी! रोज कुणीतरी वही घेऊन समोर उभा राहतो म्हटल्यावर मालकाला वाटलं, नगरपालिकेचा माणूस. त्यानं झाड कापलं, वेली ओरबाडल्या, रंग काढला, आणि वर मला चहा पाजून विचारलं, “साहेब, आता तरी नोटीस नाही ना यायची?”

सर वर्गासमोर म्हणाले, “दुसरी इमारत शोध. पण लांबूनच बघ रे बाबा, नाहीतर तीही सुधारशील.” वर्ग हसला. तेही मी गिळलं असतं, पण ती हसली. मग मी काय काय बोललो ते मला आठवत नाही (वर्गाला सगळं आठवतं), आणि बाहेर पडलो तो पडलोच. जिन्याखाली दहा मिनिटं थांबलो होतो, कुणी हाक मारतंय का बघायला.

ती म्हणजे आमच्या वर्गातली ‘मीटर’. प्रकाश मोजायचा मीटर समोर धरल्याशिवाय ती कशाकडेच बघत नाही, म्हणून हे नाव. एकदा तिनं तो माझ्या गालाजवळ धरला, “उजेड कमी आहे” म्हणाली आणि निघून गेली. मावशी, त्या दिवसापासून हा गाल माझा राहिलेला नाही. तिचा विषय ‘ओस पडत चाललेली वाचनालयं’. वर्षभर तिच्या कॅमेऱ्याची तिपाई मी वाहिली. धुळीची कपाटं, उघड्या वह्या, डुलक्या घेणारे ग्रंथपाल, सगळं तिच्या एक पाऊल पुढे चालत पाहिलं.

सध्या मी पासपोर्ट फोटोच्या दुकानात लोकांना ‘हनुवटी वर, हसू नका’ असं सांगायचं काम करतो (हे काम मला जमतं). दुकानासमोरच एक सार्वजनिक वाचनालय आहे, तिच्या यादीतलं शेवटचं. एक ना एक दिवस ती येणारच, म्हणून दुपारच्या सुट्टीत मी तिथं जाऊन बसायचो. तर एके दिवशी ग्रंथपाल म्हणाले, वाचक वाढले नाहीत तर वर्षअखेरीस कुलूप. माझं डोकं तडकलं. कुलूप लागलं तर ती येणार कुठे? आमच्याकडे फोटो हातात पडायला अर्धा तास लागतो. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समोर धाडू लागलो, “तिथं पंख्याखाली बसा, फोटो आणून देतो.” माणसं बसली. बसली म्हणून चाळू लागली, अर्धं राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी परत आली. दोन महिन्यांत खुर्च्या पुरेनात. ग्रंथपालांनी शेजारच्या सलूनमधून दोन बाकं उसनी आणली.

आणि मंगळवारी ती आली. तिपाई स्वतःच्याच खांद्यावर. दारात मीटर धरून उभी राहिली, तर एक आजोबा खेकसले, “ओ ताई, रांग तिकडून आहे.” मग तिला मी दिसलो, हातात फोटोंची पाकिटं घेऊन बाकांमधून वाट काढणारा.

“हे तू केलंस?”

मी छाती फुगवून हो म्हणालो.

“पंधरा दिवसांत प्रकल्प द्यायचाय मला. एक रिकामी खोली हवी होती. एक! दवाखान्यावर भागलं नाही का तुझं?”

बोलताना ती ओठ चावत होती. रागानं की हसू दाबायला, ते कळलं नाही. ते मोजायचा मीटर माझ्याकडे नाही. पायरीवर थांबून तिनं तिपाई दुसऱ्या खांद्यावर घेतली. खांदा दुखत असणार. मी पाकिटं धरून उभाच राहिलो. तिचा दुसरा खांदाही दुखायला लागेल एवढ्या लांब ती जाईपर्यंत उभा होतो.

असो. माझ्यापुरता विषय संपला. वेळेवर जेवतो, असं आईला कळव. काकांना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा तापट पण प्रेमळ भाचा

ता. क. विषय संपलेला नाही. कॉलेजच्या पत्त्यावर तिला एक पत्र टाक (तिचं खरं नाव आणि पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे), ग्रंथपाल म्हणून, शिक्का मारून. आमचं वाचनालय अगदी ओसाड आहे, फोटोसाठी अवश्य यावे, असं लिही. माझं नाव नको. आणि कृपा करून तोवर झाडलोट करू नकोस.

आणखी एक. रिकामी खोली किती मोठी आहे, हे फोटोत कळायला तिला नेहमी एक माणूस लागतो, पाठमोरा बसलेला. तुझ्याकडे तर वाचकच नाहीत, म्हणजे ती अडणार. तिला शनिवारचं बोलाव. मला सुट्टी असते. खिडकीजवळच्या खुर्चीत मी मान खाली घालून बसेन, एक शब्द बोलणार नाही. चेहरा दिसणारच नाही. पण वर्षभर मी तिच्या पुढे चालत होतो, तेव्हा माझी पाठच तिनं सगळ्यात जास्त पाहिली आहे. ओळखली तर ओळखू दे.