अक्का, उग्राणाची किल्ली कोणाकडे?

चामराजपुरम, म्हैसूर

ती. अक्कास,

गुंडूचा, दोन्ही गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढं वाकून नमस्कार. तुझी शुगर, तुझी कंबर आणि बेंगळुरूच्या बाल्कनीतली मोगऱ्याची कुंडी ठीक असतील अशी आशा करतो. मीही खुशाल आहे. किती खुशाल आहे ते सध्या हुणसूरपर्यंतच्या लोकांना कळलं आहे, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे. रात्रीच्या फोनवर हे काढलं नाही, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आपण बोलताना मधूनच तुझी सून हसते.

निवृत्त झाल्यावर समाजाचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं आणि त्याच्यासोबत वेबसाइटही आली, हे तुला ठाऊक आहे. (ती तुझ्या नवीननेच हौसेने करून दिली आणि स्वतःचं लग्न जमल्यावर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.) सभासदांनी घरबसल्या सूचना लिहाव्यात, वधू-वरांची माहिती भरावी म्हणून मी तिला एक प्लगिन जोडलं. मिक्सरला चटणीचं वेगळं भांडं लावतात, तसला हा वेबसाइटचा जोडतुकडा. समितीने माझी पाठ थोपटली. मग चमत्कार सुरू झाले. गणेशोत्सवाच्या सूचनेतला उपमा एका सकाळी बिसिबेळेभात झाला. अध्यक्ष सत्यनारायणरावांच्या फोटोच्या जागी त्यांचाच, पण डोक्यावर भरपूर केस असलेला फोटो आला. (यात बाहेरच्या कोणाचा हात नसावा.) मी हसून सोडून दिलं. दुसऱ्यांची फजिती होत असली की माझा स्वभाव फार उदार असतो.

पण नंतर 'वर' या पानावर मीच अवतरलो. वय पाच वर्षांनी कमी. स्वभाव शांत. कॉफी चांगली करतो, बाकी स्वयंपाक नाही. हे सगळं वाचून मी नुसता चिडलो असतो, पण खाली एक ओळ होती: 'रात्री जेवत नाही, विचारलं तर जेवलो म्हणतो.' ती मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. ही गेल्यापासून एकट्यासाठी कुकर लावणं माझ्या जिवावर येतं, हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर फोन यायला लागले. हुणसूरच्या एका गृहस्थांनी माझा आवाज ऐकून अदबीने विचारलं, "मुलगा घरी आहे का? त्याच्याकडे द्या." मी म्हटलं, मुलगा मीच. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. एका बाईंना पत्रिका हवी होती. (माझी पत्रिका उंदरांनी कधीच खाल्ली. ग्रहांसकट.)

शेवटी नवीनला विचारलं. तो म्हणाला, "मामा, तुमचं प्लगिन लॉगिन विचारतं, हक्क विचारत नाही." म्हणजे कोणीही साधा सभासद आत शिरला की त्याला कोणाचंही पान बदलता येतं. हे काम तुझं आहे का, एवढा एक प्रश्न विचारायचा प्लगिन लिहिणाऱ्याकडून राहून गेला. अशी भोकं पुष्कळ प्लगिनांत सापडतात म्हणे. मला त्या अनोळखी लिहिणाऱ्याची दयाच आली, कारण आपण तरी लग्नकार्यात काय करतो? दारात "यार मनेचे हो तुम्ही?" असं विचारायचं, पाहुण्याने कोणत्या घरचा ते सांगितलं की तो सरळ उग्राणात, म्हणजे कोठीच्या खोलीत, चिरोट्यांच्या डब्यापर्यंत. तिथे किल्ली घेऊन कोणी बसत नाही. आपल्याच माणसाला अडवायचं कसं?

एवढ्यात हिनकलहून सरोजाबाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "मी तुमच्या वेबसाइटवर नवरा मागितलेला नाही!" पाहतो तर 'वधू' या पानावर त्यांचं नाव, आणि पुढे: 'चित्रान्न उत्तम, मीठ किंचित कमी.' चिटणीस या नात्याने माफी मागायला मी बसने हिनकलला गेलो. त्यांनी मला भरपूर झापलं. मग ताट वाढलं. मी सवयीने म्हटलं, जेवून आलोय. त्या म्हणाल्या, "सुम्ने, उगाच खोटं बोलू नका हो. ते वाचलंय मी. बसा."

मी बसलो. अक्का, मीठ खरंच किंचित कमी होतं. आणि त्याच घासाला मला चोर सापडला. मागच्या वर्षी नवीनच्या मेव्हणीच्या डोहाळेजेवणात सरोजाबाईंच्या चित्रान्नाला नाव ठेवणारी तू, आणि रोज रात्री फोन करून "जेवलास का?" विचारणारीही तूच. समाजाची सभासद तर तू आहेसच. मी वर्षभर जेवलो म्हणत होतो आणि तू वर्षभर हूं म्हणत होतीस.

तुला कोणी परवानगी दिली होती? दोन जाणत्या माणसांना न विचारता बाजारात मांडायची ही कोणती रीत? मला फार राग आला आहे, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून हा परिच्छेद वेगळा लिहिला आहे.

तुझा धाकटा भाऊ,
गुंडुराव

ता. क. नवीनने प्लगिनची नवी आवृत्ती बसवली. आता कोणालाही फक्त आपलीच माहिती बदलता येते. सत्यनारायणरावांचे केस गेले. बिसिबेळेभात मात्र समितीने एकमताने ठेवला.

आणखी ता. क. सरोजाबाईंना त्यांचं नाव काढता येईल असं मी कळवलं. पासवर्ड आठवत नाही म्हणतात. चिटणीस म्हणून मी ते काढू शकतो. तुम्ही सांगा, काढतो, असंही म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "बघू, घाई काय आहे?" मीही माझं काढलेलं नाही.

शेवटचा ता. क. हिनकलला मला आता दार उघडतं, कॉफी मिळते. त्यापुढचं विचारण्याचा हक्क माझ्याकडे नाही. आपल्यात ते घरच्या वडील माणसाने नारळ-विडा घेऊन जाऊन विचारायचं असतं, आणि आई-अण्णांच्या मागे आपल्या घरात वडील तूच आहेस. रविवारी ये. या वेळी मात्र आधी त्यांना विचार आणि मगच आत शीर. आणि जेवणाची ती ओळ आता खोटी ठरली आहे; हिनकलहून डबा येतो. ती ओळ मला खोडता येते, पण मन होत नाही. तू लिहिलीस, तूच माझ्या शेजारी बसून खोड.